अडीच आटे

मी एक जुना लोखंडी जॅक आहे. मित्रांनो, तुम्ही दंगा केलात की मोठी माणसे ओरडतात, "घर डोक्यावर घेऊ नका!" मला मात्र कामच ते दिलेले आहे. चौतीस वर्षे झाली, मी एक दुमजली घर डोक्यावर घेऊन उभा आहे, आणि तेही तोंडातून ब्र न काढता. आज बोलतो आहे, कारण गप्प बसण्याची सोय आता राहिलेली नाही.

माझे भाऊबंद तुम्ही रस्त्याच्या कडेला पाहिले असतील. ट्रकचे चाक बदलायचे असले की ट्रकच्या पोटाखाली जो बुटका, जाडा गडी ठेवतात, तो जॅक. माझ्या पोटात एक जाड स्क्रू आहे. डोक्याजवळच्या भोकात लोखंडी दांडा घालून मला फिरवले की हा स्क्रू वर येतो आणि डोक्यावरचे ओझे उचलतो. स्क्रूवर गोल गोल चढत गेलेल्या ज्या खाचा असतात, त्यांना आटे म्हणतात. जितके आटे पोटात शिल्लक, तितके आमचे आयुष्य. शेवटचा आटा बाहेर आला की स्क्रू सुटतो आणि वरचे ओझे खाली येते. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. लालभडक रसातून मी बाहेर आलो तेव्हा नुसता ओबडधोबड गोळा होतो. लेथवर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने माझे आटे कापले. प्रत्येक आट्यावरून त्याने बोट फिरवून पाहिले आणि शेजाऱ्याला म्हणाला, "हा गडी दगा देणार नाही." आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. पुढे फार मिळाल्या नाहीत, म्हणून ती जपून ठेवली आहे.

तिथून मी एका गॅरेजमध्ये गेलो. बारा वर्षे मालाने भरलेले ट्रक उचलले. एकदा दोन जॅकवर ट्रक चढवलेला होता आणि मिस्त्री त्याखाली पाठीवर निजून काम करत होता. दुसरा जॅक कलंडला. ट्रकचा सगळा भार माझ्यावर आला. माझ्या तळाखालची फरशी फुटली, पण मी वाकलो नाही. मिस्त्री सरपटत बाहेर आला, माझ्यासमोर बसला आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवसापासून त्याने मला दुसऱ्या कुणाच्या हाती दिले नाही. मी डोक्यावर घेतले आहे ते याच मिस्त्रीचे घर.

घर त्याने पै-पाहुण्यांच्या मदतीने, सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून बांधले. पण जागा घेताना तो फसला. पुढची अर्धी जमीन कातळाची होती. मागची अर्धी म्हणजे एका जुन्या खाणीचा खड्डा, माती आणि राडारोडा टाकून बुजवलेला. वरून सगळे सारखेच दिसत होते. तिसऱ्या वर्षी मागची बाजू खचू लागली आणि मधल्या खोलीवरची मोठी तुळई भिंतीतल्या आपल्या जागेवरून सरकली. मिस्त्रीने जाड लोखंडी पत्रा टाकून मला तिच्याखाली उभे केले आणि माझ्या डोक्यावर तुळईपर्यंत पोचणारा लाकडी खांब बसवला. बायकोला म्हणाला, "तात्पुरता ठेवलाय." तात्पुरता हा शब्द मी तेव्हापासून ऐकतो आहे. तेव्हा माझ्या पोटात वीस आटे शिल्लक होते.

मुलांनी मला धडकू नये म्हणून त्याने माझ्याभोवती एक लाकडी कपाट केले. खाली मी, आणि वरच्या फळीवर घराची कागदपत्रे आणि हत्यारांची पेटी. पाहुण्यांना ते साधे कपाट वाटे.

भराव खचतच राहणार होता, म्हणून मला वर्षातून दोनदा फिरवावे लागे. ऊन तापू लागले की एकदा आणि पाऊस सरला की एकदा. मिस्त्रीला तीन मुले होती, आणि या कामाला त्याने तिघांनाही जुंपले होते. थोरला दांडा धरून मला फिरवी. मधली बहीण स्टुलावर चढून समोरच्या भिंतीतल्या भेगेवर नजर ठेवी. भेग जिथे संपते तिथे ती पेन्सिलीने आडवी रेघ मारी आणि बाजूला तारीख लिही. धाकट्याला सगळे बारक्या म्हणत. तो मागच्या खोलीच्या दाराशी उभा राहून दार उघडून-लावून बघे. चौकट दबलेली असली की दार घासायचे, मग तो ओरडे, "अडतंय!" मी पुरेसा वर आलो की दार अलगद फिरे, आणि तो घसा फोडून सांगे, "मोकळं!" मिस्त्री स्वतः काहीच करत नसे. माझ्या डोक्यावर हात ठेवून नुसता बसलेला असे.

"एका वेळी पाव फेरा," तो म्हणे. "घराला दटावून उठवायचं नाही. आणि एकट्याने कुणी याला हात लावायचा नाही. फिरवणाऱ्याला भेग दिसत नाही, भेग बघणारीला दार कळत नाही, आणि दारापाशी उभा असतो त्याला यातलं काहीच दिसत नाही. तिघं असाल तरच या."

थोरला पुढे बसचालक झाला. मधलीने पुस्तके बांधण्याचे काम धरले. बारक्याने काचेचा धंदा सुरू केला. आई गेली. पण त्या दोन दिवशी तिघेही न चुकता येत. बारक्याला मिश्या फुटल्या तरी तो दाराशी उभा राहून "मोकळं!" म्हणून ओरडे आणि बहीण स्टुलावरून हसे. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण खरे सांगतो, त्या दिवसांची मी वाट बघत असे.

मिस्त्री दर वेळी म्हणे, "आटे संपायच्या आत मागचा पाया उकरून पक्का करायचा आहे." दर वेळी काहीतरी आड येई. तीस वर्षे गेली. एके दिवशी गॅरेजमधून तो घरी आलाच नाही, त्याची बातमी आली. तेव्हा माझ्या पोटात पाच आटे उरले होते.

घर तिघांच्या नावे झाले, सारख्या वाट्याने, पण कोणती खोली कुणाची हे त्याने लिहून ठेवले नव्हते. थोरल्याला घर विकून डेपोजवळ राहायला जायचे होते. मधली एकटीच होती. तिचे काम आणि तिचे राहणे दोन्ही याच मधल्या खोलीत, तुळईखाली. ती म्हणाली, "मी कुठे जाऊ?" बारक्याला वर आणखी एक मजला चढवायचा होता. सुरुवातीला जेवणाच्या ताटावर कुरबुर झाली, मग ताटेच वेगळी झाली. थोरल्याने मागची खोली धरली, बारक्याने वरचा मजला.

मग ते कोर्टात गेले. कोर्टाने सांगितले, निकाल लागेपर्यंत घर 'जैसे थे' ठेवा, कुणी कशाला हात लावू नये. कपाटात कागदपत्रे होती म्हणून त्याच्या दारावर तिघांनी आपापले कुलूप लावले. तीन कुलपे, तीन किल्ल्या, आणि आत अंधारात मी.

आता तुम्हीच सांगा, हे घर जैसे थे राहायचे तर मला फिरवायला नको का? एवढी साधी गोष्ट, आणि ती ठाऊक असलेली जगात तीनच माणसे. पण प्रत्येकाला वाटे, आपण कपाटाचे नाव काढले तर बाकीचे दोघे म्हणतील, याचा डोळा कागदांवर आहे.

उन्हाळा आला, गेला. पाऊस आला, गेला. माझ्या आट्यांवरचे ग्रीस वाळून त्याची खपली झाली. गंज चढू लागला. माझ्या तळाखालचा पत्रा केसाएवढा खाली जाई, मग थांबे, मग पुन्हा जाई. तुळई माझ्या डोक्यावर कुरकुरे. मधली खाली मान घालून पुस्तके शिवत असे. तिच्या टेबलावरची दोऱ्याची रिळे आपोआप मागच्या भिंतीकडे घरंगळू लागली. तिने टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला.

मला सर्वांत भीती कशाची वाटली सांगू? घराने तिघांनाही इशारा दिला होता, आणि तिघांनीही तो बुजवला. भेग पेन्सिलीच्या शेवटच्या रेघेच्या पुढे गेली, तेव्हा मधलीने त्यावर मोठे कॅलेंडर टांगले. घर धोक्याचे आहे असे ठरले तर आपल्याला आधी बाहेर काढतील, ही तिची धास्ती. थोरल्याचे दार अडू लागले, तेव्हा त्याने सुताराला बोलावून दारावर रंधा मारून घेतला. एकदा नाही, तीनदा. पडके घर विकत कोण घेणार, ही त्याची चिंता. वरची जमीन कलली, तेव्हा बारक्याने काचांच्या मांडणीखाली लाकडी पाचरी ठोकल्या. आपल्या काचांच्या वजनावर खापर फुटेल, म्हणून त्याची ही लपवाछपवी. माझ्या डोक्यावरचे ओझे दिवसेंदिवस वाढत होते आणि घरात कुणी चकार शब्द काढत नव्हते. बोलणे फक्त वकिलांच्या पत्रांतून चाले.

अशी तीन वर्षे गेली. चौथ्या उन्हाळ्यात एका दुपारी बारक्याकडे काचांची नवी पेटी आली. चार हमालांनी ती वर नेऊन ठेवली, नेमकी तुळईच्या वर. मला आतून एक कळ गेली. तुळई खाली आली, फार नाही, ज्वारीच्या दाण्याएवढी.

थोरला सकाळची पाळी करून मागच्या खोलीत निजला होता. आवाजाने तो उठला आणि दार ओढू लागला. दार हलेना.

"बारक्या!" तो आतून गरजला. "कडी काढ! असले धंदे करून हिस्सा मिळत नसतो!"

बारक्या जिन्यावरून तणतणत खाली आला. "मी कशाला लावू कडी? तुझं तूच लावून घेतलं असशील, उद्या वकिलाला सांगायला!"

"बाहेरून लावल्याशिवाय दार असं बसेल का रे?"

"अरे दादा, कडी उघडी आहे, डोळ्यांनी बघतोय मी!" बारक्याने दाराला खांदा दिला. एकदा, दोनदा. आणि त्याच्याच तोंडून ते निघाले, "दार अडतंय!"

मधलीच्या हातातली सुई थांबली. तो शब्द तिने तीन वर्षांत ऐकला नव्हता, आणि त्याआधीची तीस वर्षे दुसरा कुठला शब्द इतक्या लक्ष देऊन ऐकला नव्हता. ती उठली आणि तिने कॅलेंडर ओढून खाली टाकले. शेवटच्या रेघेपासून भेग हातभर पुढे गेली होती आणि तिच्यात बोट जाईल एवढी फट होती.

"बारक्या," ती म्हणाली, "किल्ली आण तुझी. पळ."

"कसली किल्ली?"

"कपाटाची! दादा, तुझीही दे, खिडकीतून दे!"

आतली ओढाताण थांबली. मग थोरला हळूच म्हणाला, "किती गेली गं भेग?"

"हातभर."

थोरल्याने गजांतून किल्ली अंगणात टाकली. तीन कुलपे निघाली, आणि तीन वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला. मला बघून बारक्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने हत्यारांच्या पेटीतून तेल काढून माझ्या आट्यांवर ओतले आणि दांडा भोकात घातला. त्याने आजवर दांडा कधी धरला नव्हता. तो थोरल्याचा मान. आणि थोरला आज दाराच्या आत अडकला होता, म्हणजे दार बघण्याचे काम त्याच्याकडे आले होते.

"कुठल्या बाजूला फिरवू, दादा?" बारक्याने ओरडून विचारले.

"तुझ्या उजवीकडे. झटका देऊ नकोस. अंग टाक त्याच्यावर, सावकाश."

पहिल्यांदा मी हललोच नाही. गंजाने मला धरून ठेवले होते. बारक्या दांड्याला अक्षरशः लोंबकळला. मग माझ्या पोटात कर्रकन आवाज झाला आणि मी सुटलो. पाव फेरा.

"अडतंय!" आतून थोरला म्हणाला.

आणखी पाव फेरा. छताचा गिलावा ढपला ढपला खाली येऊ लागला. मधली स्टुलावर उभी होती, केसांत चुना, नजर भेगेवर. "चालू दे," ती म्हणत होती, "मिटतेय, चालू दे."

"अडतंय!"

एका दमात इतके फिरवायचे नसते, हे मला माहीत होते आणि त्यांनाही. वर एक काच तडकली. मग दुसरी. सहावा पाव फेरा, सातवा. आठव्याला मधली किंचाळली, "बस!" आणि त्याच क्षणी मागचे दार करकरत उघडले. थोरला उंबऱ्यात उभा होता. त्याला "मोकळं" म्हणायचे होते, पण तो दार पुन्हा पुन्हा लावून-उघडून बघत राहिला. बारक्याच म्हणाला, "मोकळं." आणि दांडा टाकून भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला.

थोरला माझ्यापाशी आला. बाप ठेवायचा तसाच त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "किती उरले?"

मधलीने वाकून बॅटरीच्या उजेडात मोजले. "तीन."

त्यानंतर वकिलांची पत्रे थांबली. कोर्टाने एक मध्यस्थ बाई दिल्या. त्या नऊ वेळा आल्या आणि मधलीच्या टेबलापाशी बसल्या. पहिल्या दिवशी त्यांनी खोल्यांचे नावही काढले नाही. "तुम्हाला काय हवंय ते मला माहीत आहे, कागदांत आहे," त्या म्हणाल्या. "समोरच्याला कशाची भीती वाटते, ते सांगा." तिघांनाही ते सांगता येईना. तिसऱ्या बैठकीत आले. नवव्या बैठकीत करार झाला. घर विकायचे नाही. मधली खोली मधलीची. काचा अंगणातल्या शेडमध्ये, वर नाहीत. वर्षातून दोनदा तिघांनी मिळून मला फिरवायचे, आणि आटे संपायच्या आत मागचा पाया नवा करायचा.

एकच कलम बाईंना पटले नव्हते. कपाट तिन्ही किल्ल्यांनी, तिघे हजर असतानाच उघडायचे. "कुलपं कशाला आता?" त्यांनी विचारले. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. "राहू द्या," थोरला म्हणाला, "आत कागद आहेत." बाईंनी चष्मा काढून पुसला आणि लिहिले.

करारानंतर पाऊस सरल्यावर एकदा आणि पुढचे ऊन तापू लागल्यावर एकदा, दोन्ही वेळा तिघे आले. पाव आणि पाव, अर्धा फेरा. माझ्या पोटात आता अडीच आटे आहेत.

मग पायाचा विषय निघाला. पाया उकरायचा तर मधली खोली चार महिने रिकामी करावी लागणार. मधली म्हणाली, "एकदा बाहेर पडले की मला परत आत कोण घेतंय?" थोरल्याला आपण त्या दिवशी दाराआड होतो हे विसरता येत नव्हते. तो म्हणाला, "करारात लिहिलंय ना तू परत येणार म्हणून?" ती म्हणाली, "लिहिलेलं खूप काही असतं." तो चिडला. डेपोजवळ भाड्याने राहायला गेला, आणि जाताना म्हणाला, "पायाला हो म्हण, मगच मी किल्ली घेऊन येतो. नुसतं पाव फेरा, पाव फेरा करत अजून किती दिवस काढायचे?"

मित्रांनो, यात वाईट कोण, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. थोरल्याचे बरोबर आहे, पाया केलाच पाहिजे. मधलीची भीतीही खोटी नाही. पण तुळईला यातले काही कळत नाही. तिला फक्त खाली यायचे कळते.

यंदा पाऊस लांबला. भराव भिजला. मला फिरवायचा दिवस उलटून एकोणीस दिवस झाले. बारक्या रोज दुपारी आपली किल्ली घेऊन येतो आणि कपाटासमोर बसतो. परवा मधली म्हणाली, "तोडू का रे ते कुलूप?" तो म्हणाला, "तोडलंस तर दादा परत कोर्टात जाईल. थांबू अजून दोन दिवस." आणि तोडले तरी दोघांनी काय होणार? एक फिरवील, एक भेग बघेल. दाराशी कोण उभे राहील?

मला तेल द्या, रंग द्या, असे मी मागणार नाही. तुम्हाला भाऊ-बहीण असतील आणि उद्या तुमच्या वाट्याला एखादे घर आले, तर खोल्या खुशाल वाटून घ्या. भिंतीत एखादी भेग दिसली तर मात्र तिच्यावर कॅलेंडर टांगू नका. ज्याच्याशी बोलणे टाकले आहे, त्यालाच आधी हाक मारून ती दाखवा. मी लोखंडाचा असूनही मला जे कळले, ते एवढेच आहे.

आणि एक काम करा. तुमच्या शाळेच्या वाटेवर एखादा बसचालक दिसेल. केस पिकू लागलेले, बसच्या किल्लीबरोबर त्याच दोरीत एक छोटी पितळी किल्ली ओवलेली. त्याला थांबवा. पायाचे काय ठरले, करारात काय लिहिले आहे, चूक कुणाची, यातले काही बोलू नका. सांगा, की भेग शेवटच्या रेघेच्या चार बोटे पुढे गेली आहे आणि त्याची बहीण अजून त्याच तुळईखाली बसून पुस्तके शिवते आहे. एवढे ऐकूनही तो बस चालू करू लागला, तर खिडकीशी जा आणि मोठ्याने म्हणा, "दादा, दार अडतंय."